सुट्टी अंगावर येते तेव्हा

"मॅडम, कामावर असतोय तोवर बरं असतंय. सुट्टी आली की अंगावर येतीया बघा." कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत काम करणारी माणसं मनाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा अशा अर्थाचं काहीतरी बोलतातच. सहा दिवस धावपळीत जातात, सातवा मोकळा मिळतो आणि नेमका तोच जड होतो. उशिरा उठावं तर अंग आणखी दुखतं, फोन हातात घेतला की दुपार होते आणि संध्याकाळी स्वतःचाच राग येतो. मग प्रश्न येतात. मी आळशी झालोय का? मला काही झालंय का? कुठं जावंसंच वाटत नाही, तर जायचं कसं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी एका दादांच्या अनुभवावरून देते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दादा पंचेचाळिशी ओलांडलेले, फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे करण्याच्या कामावर) सुपरवायझर, राहायला कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात. त्यांच्या युनिटला सुट्टी सोमवारी. बायको शाळेत नोकरीला, मुलगी दहावीत, त्यामुळे सोमवारी सकाळी त्या दोघी बाहेर पडल्या की घरात हे एकटे. दार ओढून घ्यायचं, पंखा लावायचा आणि आडवं व्हायचं. फोनवर मित्रांचे स्टेटस: कुणी बुलेटवरून लडाखला, कुणी मालवणच्या किनाऱ्यावर. "आमचं आयुष्य म्हणजे बावडा ते शिरोली आणि शिरोली ते बावडा," ते म्हणाले. कधीतरी पैसे साठले, चार दिवस जोडून रजा मिळाली की जाऊ, असं बरीच वर्षं चाललं होतं.

मी आधी नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. झोप, भूक, जगण्याविषयीचे विचार, दारू, सगळं विचारलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि बीपी तपासून यायला सांगितलं. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण थकवा आणि निरुत्साह पुष्कळदा शरीरातून येतो आणि आपण त्याला मनाचा दोष समजतो. दादांच्या तपासण्या ठीक निघाल्या. नैराश्याच्या उंबरठ्यावर होते, आत गेलेले नव्हते.

त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "मन जरा ताळ्यावर येऊ दे, मग पडतो बाहेर." हे वाक्य बहुतेकांना इतकं पटलेलं असतं की त्यावर कुणी शंका घेत नाही. पण मन खचलेलं असताना इच्छा आधी आणि कृती नंतर हा क्रम चालत नाही. इच्छा येत नाही म्हणून माणूस घरात राहतो, घरात राहिल्यामुळे मनाला आनंद देणारं काही घडत नाही आणि घडत नाही म्हणून इच्छा आणखी आटते. या चक्रातून बाहेर यायचं तर कृतीचं टोक पकडावं लागतं, कारण तेवढंच हाताला लागतं. या उपचारपद्धतीला बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. १९७० च्या दशकापासून ती वापरात आहे. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच मार्ग वापरला. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या भेटींत मदत केली आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा जास्त फायदा झाला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

दादांना मी आठवडाभर एक वही लिहायला दिली. दर दोन तासांनी काय करत होतो ते लिहायचं आणि मनाला ० ते १० मध्ये गुण द्यायचे. सोमवारच्या पानावर २, २, १, ३ असे आकडे होते. एका ठिकाणी मात्र ६. शेजारी लिहिलं होतं, 'पोरीचा क्लास सुटायला वेळ होता, बंधाऱ्यावर जाऊन थांबलो.' मी त्या ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "ते काय विशेष न्हवं ओ, आमच्या घराजवळच हाय." घराजवळ आहे म्हणून त्यांना ते दखल घेण्यासारखं वाटत नव्हतं. मला तर त्याच कारणासाठी ते मोलाचं वाटलं.

हा बंधारा म्हणजे राजाराम बंधारा, बावड्याच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी तिथेच मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर त्या आकड्यांकडे डोळे लावून बसतं. पाणी उतरलं की त्याच बंधाऱ्यावरून माणसं पलीकडे वडणगे, निगव्याकडे जातात. शाळेत असताना दादा तिथूनच सायकलने मित्राच्या मळ्यात जायचे. सायकल सुटली ती मोटारसायकल आल्यावर. भाच्याची एक गिअरची सायकल घराच्या बोळात धूळ खात होती.

ठरलं ते इतकंच: सोमवारी बायको-मुलगी बाहेर पडल्या की लगेच, आडवं व्हायच्या आधी, सायकलने बंधाऱ्यापर्यंत जायचं. वेळ घड्याळाची, मनाची नाही. टायरमध्ये हवा, पाण्याची बाटली, कपडे ही तयारी रविवारी रात्रीच करून ठेवायची, कारण सकाळी मन कारणं शोधतं. दहा मिनिटांनी नकोसं वाटलं तर परत फिरायची पूर्ण मुभा. सीट खूप खाली होती, ती वर करून घेतली. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला राहायला हवा. एवढ्यानं पुष्कळांची गुडघेदुखी टळते आणि गुडघेदुखीनं पुष्कळ सायकली पुन्हा बोळात जातात.

पहिल्या सोमवारनंतर ते आले आणि म्हणाले, "जाऊन आलो. पण काय वाटलं न्हाई." इथे बहुतेक जण थांबतात, म्हणून इथे जरा रेंगाळते. मन दमलेलं असतं तेव्हा आनंद घेण्याची ताकद बहुतेकदा उशिरा परत येते. पुष्कळदा झोप आधी सुधारते, चिडचिड कमी होते, अंग हलकं होतं, आणि मग कधीतरी मजा येते. पहिल्या फेरीतच मजा मागितली तर ती मिळत नाही आणि माणूस म्हणतो, बघा, माझ्यासाठी हे नाहीच. मी त्यांना वहीतला आकडा विचारला. ४ होता. एरवी त्या वेळेला २ असायचा. "मग झालं की," मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी परत."

काही सोमवार बरे गेले. मग भाच्यानं फोनमध्ये अंतर आणि वेग मोजणारं अ‍ॅप टाकून दिलं, कामावरचे दोघे-तिघे सायकलवाले भेटले आणि एका सोमवारी दादा त्यांच्याबरोबर थेट जोतिबाचा डोंगर चढायला निघाले. सरावाशिवाय तो घाट म्हणजे थट्टा नव्हे. अर्ध्यात उतरून सायकल ढकलावी लागली, बाकीचे पुढे गेले, गुडघा धरला, आणि त्यानंतर सायकल पुन्हा बोळात. भेटायला आले ते मान खाली घालून. "आमच्यानं न्हाई व्हायचं."

मी विचारलं, फौंड्रीत दिवसभर काय बघत असता? म्हणाले, "टार्गेट. किती मोल्ड झाले, किती रिजेक्ट." आणि सोमवारी? ते थोडा वेळ गप्प बसले. मग स्वतःच म्हणाले, "सोमवारीबी तेच केलं की मी."

अ‍ॅपला माझा विरोध नाही. पुष्कळांना त्याने शिस्त लागते. पण ज्याचा सगळा आठवडा आकड्यांनी भरलेला आहे, त्याच्या सुट्टीत आणखी आकडे नकोत, असं मला ठामपणे वाटतं. आम्ही अ‍ॅप काढलं. वहीतले गुणही थांबवले. त्याऐवजी एकच काम दिलं: मागच्या वेळी नव्हतं किंवा दिसलं नव्हतं असं काहीतरी बघून यायचं आणि मला सांगायचं.

यानंतर ते जे सांगायला लागले ते मी कौतुकानं ऐकत असे. विजेच्या तारेवर ओळीनं बसलेले वेडे राघू. उसाला आलेले तुरे. बंधाऱ्याच्या खाली पाण्यात ताटकळत उभा एकटा बगळा. आणि मग गुऱ्हाळ. नदीपलीकडे एका गुऱ्हाळावर सायकल लावून ते रस प्यायला थांबले आणि तासभर तिथेच रमले. चुलवाणात (मोठ्या चुलीत) चिपाडाचा, म्हणजे रस काढलेल्या उसाचा जाळ, वर काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळतोय, भेंडीच्या रसानं मळी वर आणून काढतायत आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, नुसत्या नजरेनं सांगतोय, आता उतरवा. दादांची वीस वर्षं वितळलेलं लोखंड ओतण्यात गेलेली. ओतायची वेळ साधली नाही तर कास्टिंग वाया जातं हे त्यांना हाताला माहीत. "त्यांच्याकडं मीटर न्हाई मॅडम. बुडबुडा बघून कळतंय त्यांना. मी विचारलं, चुकलं तर? म्हणाला, चुकलं तर काकवी." हे सांगताना ते हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

त्यांनी तिथे जे केलं ते मजेसाठी नव्हतं. ते नुसते लक्ष देऊन बघत होते, आणि मजा त्यातून आली. घराजवळच्या वाटेचा हा मोठा फायदा आहे. पुन्हा पुन्हा जाता येतं, म्हणून बदल दिसतो. लांबच्या सहलीची हुरहुर खरी असते, पण तिनं आलेली टवटवी परतल्यावर काही आठवड्यांत ओसरते. इंग्लंडमध्ये जवळजवळ २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यानं, याने फरक पडत नव्हता आणि बहुतेकांचं फिरणं घरापासून दोन मैलांच्या आतलंच होतं. एकामुळेच दुसरं होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण दादांच्या सोमवारशी ते जुळतं.

पुढे ते बंधाऱ्यावरून वडणगे आणि मग शिवाजी पुलावरून पंचगंगा घाटाकडे अशी फेरी मारू लागले. एकदा आंबेवाडीवरून प्रयाग चिखलीला पोचले. भोगावती आणि कासारी तिथे एकत्र येतात आणि पुढे पंचगंगा म्हणून वाहतात. २०१९ च्या महापुरात ते मदत घेऊन चिखलीच्या लोकांकडे गेले होते, पण संगम त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. "जन्म नदीकाठी गेला आणि नदी सुरू कुठं हुतीया ते आत्ता बघितलं," असं म्हणाले. आपल्यातल्या किती जणांना आजूबाजूची गावं फक्त पुराच्या बातमीतूनच माहीत असतात.

एक गाठ मात्र शिल्लक होती. बायको कामावर आणि आपण सायकल फिरवतोय, गल्लीतले काय म्हणतील? ही लाज पुरुषांना जितकी असते त्याहून बायकांना जास्त असते, आणि सुट्टी अंगावर येण्याचं ते एक मोठं, न बोललेलं कारण आहे. एका भेटीला मी वहिनींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "हे झोपून राहिलेले बघून मी शाळेत जायची, तेव्हा दिवसभर माझा जीव टांगणीला असायचा. आता निदान कुठं हायत ते तरी कळतंय. फक्त येताना भाजी आणा म्हणावं, आणि सोमवारचं दुपारचं माझ्यावर ठेवू नका." तेव्हापासून सोमवारचा स्वयंपाक दादांकडे आहे. आमटी जमते, भाकरी अजून नाही.

तुम्हीही निघणार असाल तर दोन-तीन गोष्टी मनापासून सांगते. सध्या गळीत हंगाम आहे. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे दिवे असतातच असं नाही, म्हणून अंधारात निघू नका. नीट उजाडू द्या, हेल्मेट घाला, सायकलला मागे लाल दिवा लावा. पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी असताना 'थोडंच आहे' म्हणून पलीकडे जाऊ नका. त्या दिवसांत रंकाळा तलावाची चालत एक फेरी किंवा शिवाजी विद्यापीठाचा परिसर पुरेसा आहे. चाळिशी ओलांडली असेल, छातीत दुखत असेल, बीपीची गोळी चालू असेल तर चढाच्या वाटेआधी डॉक्टरांना विचारा.

आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कामाच्या दिवशीही उठवत नसेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर सायकलच्या भरवशावर थांबू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषध लागलं तर घ्या. बाहेर पडणं त्याच्या जोडीला राहू द्या.

दादा आता महिन्यातून एकदा येतात. एखादा सोमवार ओव्हरटाइममध्ये जातो, एखादा नुसता झोपून जातो आणि त्याचं त्यांना पूर्वीसारखं वाईट वाटत नाही. लडाखला जायचं मनात अजून आहे, त्यासाठी भिशी लावली आहे. मला ते छान वाटतं. मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तिला संगम दाखवायला न्यायचं ठरलंय. तिच्या सायकलचे ब्रेक त्याआधी करून घ्या, एवढं मी सांगितलंय.