राखेचा तलाव आणि बोरॉनचा रकाना

प्रश्न : नॉर्थ कॅरोलायनात घर बघतोय. पाणी विहिरीचं, आणि मैलभरावर कोळशाच्या वीज केंद्राचा राखेचा तलाव. घ्यावं का?

घर पुन्हा बघायला जाण्याआधी वीज कंपनीची वेबसाइट बघा. तलावाभोवतीच्या निरीक्षण-विहिरींचे अहवाल २०१५ च्या केंद्रीय नियमामुळे तिथे सर्वांसाठी ठेवावे लागतात. अहवाल जाडजूड असतो. तुम्ही बोरॉनचा रकाना तेवढा शोधा. बोरॉन राखेतून चटकन सुटतं आणि भूजलासोबत पळतं, आर्सेनिक मातीला चिकटत सावकाश येतं. तलावाच्या वरच्या अंगाला बोरॉन कमी आणि उताराकडे जास्त असेल, तर पाणी झिरपतंय असं धरून चाला. मग भूजलाचा उतार तुमच्या घराकडे आहे का, तेही विचारा. अर्ध्या मैलाच्या आतल्या विहीरवाल्यांना पर्यायी पाणी द्यायला राज्याने २०१६ मध्ये कंपनीला भाग पाडलं. तुम्ही त्यात बसत नाही, तेव्हा पाणी स्वखर्चाने तपासून घ्या.

प्रश्न : राज्याचा कायदा असताना केंद्र सरकारचा वेगळा कशाला?

उलट झालं. डिसेंबर २००८ मध्ये टेनेसीत किंग्स्टन वीज केंद्राच्या राख तलावाचा बंधारा फुटून ४०० कोटी लिटरहून अधिक राखेचा गाळ वाहिला. तरी केंद्र सरकारचं घोडं सहा वर्षं अडलेलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका राख तलावाखालचा पावसाच्या पाण्याचा जुना पाइप फुटला, डॅन नदीत सुमारे ३९,००० टन राख गेली, आणि नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी कायदा केला. केंद्राचा २०१५ चा नियम आला तो परवान्याविना, निरीक्षकाविना! कंपनीने आपणहून पाळायचा. मोडला तर लोकांनी कोर्टात जायचं. २०१६ मध्ये अमेरिकी संसदेने राज्यांना परवाने देण्याची वाट मोकळी केली, पण केंद्राची मंजुरी घेऊन. ओक्लाहोमाला ती २०१८ मध्ये पहिल्यांदा मिळाली. अलाबामाला २०२४ मध्ये नकार.

प्रश्न : राखेत आर्सेनिक असूनही ती ‘घातक कचरा’ नाही?

नाही. तो शिक्का बसला तर सिमेंट-काँक्रीटवाले राख घेणार नाहीत, ही उद्योगाची ओरड होती. मला वर्गीकरण पटत नाही. राख तलावापेक्षा काँक्रीटमध्ये बरी, हे मात्र पटतं.

प्रश्न : आपल्याकडे?

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेचा सगळा भर राख वापरण्यावर आहे. न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये भरपाई. त्यानंतर सातव्या महिन्यात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला.