हीटरचा दिवा विझतच नाही, फिशटँकचं पाणी 33 अंशांवर गेलंय. हीटर दुरुस्त होईल का?

नाही, तो हीटर टाकूनच द्या. आधी प्लग काढा आणि मगच पाण्यात हात घाला. साध्या हीटरमध्ये तापमान सांभाळायला दोन धातूंची पट्टी असते. सतत चालू-बंद होताना ठिणग्या पडून तिचे कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी-तोडणारी टोकं) काळवंडतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग नॉब कुठेही फिरवा, कॉइल तापतच राहते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर ती ऑक्सिजनसाठी, कारण गरम पाण्यात तो कमी विरघळतो. एअर पंप पूर्ण जोरात चालू करा, झाकण काढा, पाणी हळूहळू निवू द्या. बर्फ अजिबात नको, एकदम गारठा माशांना सोसत नाही. नवीन घेताना 100 लिटरच्या टाकीला 100 वॅटच्या एका हीटरऐवजी 50 वॅटचे दोन लावा. एक अडकला तरी पाणी इतक्या झपाट्याने तापत नाही. थर्मामीटर वेगळा हवाच, नॉबवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीत फक्त गोल्डफिश असतील तर मात्र नवा हीटर घेऊच नका, त्यांना थंड पाणीच मानवतं.