वाचकांचे प्रश्न : तिकीट फोनमध्ये, टीसी समोर

मागच्या अंकात आम्ही सहज म्हटलं होतं की बस-लोकल-मेट्रोच्या ॲपांमध्ये काय अडतंय ते लिहून पाठवा, तर पत्रांचा आणि मेसेजांचा ढीगच लागला. निम्म्याहून जास्त तक्रारी लोकलच्या, त्याखालोखाल पुण्याच्या, आणि दोनचार परदेशातून. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून सगळ्यांना उपयोगी पडतील अशी निवडलीत. नावं मुद्दाम छापत नाही, दंड भरल्याचं सोसायटीत कळायला नको असं दोघातिघांनी लिहिलंय.

प्रश्न : आईबाबा सांगलीहून आले होते. त्यांना दादरला जायचं होतं म्हणून मी ऑफिसमधून माझ्या मोबाइलवर दोघांचं तिकीट काढलं आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप केला. टीसीने तो मान्यच केला नाही, दोघांची पावती फाडली. पैसे तर भरले होते ना मी? मग विनातिकीट कसे? — डोंबिवली

ताई, तुमचा राग समजू शकतो, कारण हाच पराक्रम मी स्वतः केलाय, माझ्या आत्याच्या बाबतीत. आत्या अजून लग्नाकार्यात सगळ्यांसमोर सांगते, "हिने मला चोर ठरवलं."

होतं काय, की लोकलचं मोबाइल तिकीट हे ज्या फोनवर काढलं त्या फोनचंच असतं. रेल्वेचं जुनं यूटीएस ॲप असो की त्याची जागा घेणारं रेलवन, तिकीट दाखवायचं ते ॲप उघडून, 'शो तिकीट'मध्ये जाऊन. स्क्रीनशॉट, फॉरवर्ड, पीडीएफ, पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज, यातलं काहीही तिकीट नाही. दंड किमान २५० रुपये आणि वर भाडं, तेही माणशी. म्हणजे पाच रुपयांपासून सुरू होणाऱ्या तिकिटापायी पाचशेच्या वर गेले.

आता एवढा कडकपणा का, तर लोकलला दार नाही. मेट्रोला गेट आहे, क्यूआर एकदा आत जाताना वाचला की त्यावर दुसरा कोणी आत जाऊ शकत नाही, पाठवून उपयोग नाही. लोकलमध्ये आपण रस्त्यावरून पूल चढतो आणि थेट डब्यात. मध्ये कोणीच नाही. स्क्रीनशॉट चालला असता तर एका तिकिटावर अख्खी चाळ विरारला जाऊन आली असती. मग रेल्वेने काय केलं, तर गेटचं सगळं काम त्या ॲपमध्ये कोंबलं, आणि ॲपचे जे काही नखरे आपल्याला वाटतात ना ते बहुतेक सगळे त्यातून आलेत.

पुढच्या वेळी आईबाबा एकटेच जाणार असतील तर सरळ त्यांच्याच फोनवर ॲप टाकून द्या. ते जमणार नसेल तर स्टेशनवरचं एटीव्हीएम, म्हणजे आपलं आपण तिकीट काढायचं मशीन. त्यावर यूपीआयने पैसे भरता येतात आणि हातात कागद मिळतो. मशीनपाशी बऱ्याचदा एखादे रिटायर्ड रेल्वेवाले काका बसलेले असतात, ते कार्ड लावून दोन सेकंदात तिकीट काढून देतात. आणि तुम्ही बरोबर असाल तर तुमच्या फोनवर सगळ्यांचं एकत्र काढा, पण मग सगळे एकत्रच राहा. आई लेडीजमध्ये, तुम्ही फोन घेऊन जनरलमध्ये, आणि टीसी लेडीजमध्ये, असं झालं की पुन्हा तेच.

प्रश्न : माझी बिल्डिंग कुर्ल्याला रुळांना लागून आहे. बेडरूममध्ये बसून तिकीट काढलं तर ॲप म्हणतं तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आहात, तिकीट मिळणार नाही. किचनमध्ये गेलं की मिळतं. चेष्टा नाही, खरं सांगतोय. — कुर्ला

चेष्टा वाटलीच नाही, उलट आम्ही ऑफिसात हे पत्र मोठ्याने वाचलं. वर म्हटलं त्या न दिसणाऱ्या गेटचा हाच तो खांब, तुमच्या घरातून गेलाय एवढंच.

ॲप जीपीएसवरून बघतं की तुम्ही रुळांपासून किती लांब आहात. फलाटावर, गाडीत किंवा अगदी रुळांजवळ असाल तर पेपरलेस, म्हणजे फोनवरच दाखवायचं तिकीट देत नाही, कारण दिलं असतं तर लोकांनी फुकट बसायचं आणि टीसी दिसला की पटकन बटण दाबायचं असंच केलं असतं. केलंही. मध्ये स्टेशनवर क्यूआर कोड चिकटवले होते, की आत आल्यावर सुचलं तर तो स्कॅन करून तिकीट काढा. सोय चांगली होती, पण हुशार लोकांनी त्या कोडचेच फोटो काढून ठेवले आणि चालत्या गाडीत स्कॅन करायला लागले. शेवटी मुंबईत ते कोड बंद करायची वेळ आली. आपल्याकडे सोय आणि पळवाट जुळ्या बहिणी असतात.

जीपीएस म्हणजे काही फूटपट्टी नाही. आजूबाजूला उंच बिल्डिंगा असल्या की तो दहावीस मीटर इकडेतिकडे भरकटतो. म्हणून तुमचं किचन पास आणि बेडरूम नापास. वायफाय चालू ठेवा, लोकेशन 'अचूक'वर ठेवा, खिडकीपाशी उभं राहून अर्धा मिनिट थांबा, फरक पडतो. किंवा किचनमध्येच काढत जा, चहाही होतो.

उलट बाजूचं बंधन मात्र गेलंय. पूर्वी स्टेशनपासून ठरावीक अंतरातच तिकीट निघायचं, २०२४ मध्ये ती बाहेरची मर्यादा काढली, त्यामुळे घरून कुठल्याही स्टेशनपासूनचं काढता येतं. फक्त उपनगरी तिकिटावर एका तासात प्रवास सुरू करायचा असतो, तिकिटावर लिहिलेलं असतं पण वाचतं कोण. सकाळी आंघोळीआधी तिकीट काढून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

प्रश्न : पैसे कटले, तिकीट आलं नाही, गाडी समोर उभी. काय करायचं? — ठाणे, वसई, कल्याण आणि इतर अनेक

गाडी सोडायची. वाईट वाटतं ऐकायला, पण पैसे कटल्याचा मेसेज दाखवून टीसी सोडेल अशा भरवशावर चढू नका. आधी ॲपमधली बुकिंग हिस्टरी बघा, कारण बऱ्याचदा तिकीट निघालेलं असतं आणि फक्त स्क्रीन अडकलेली असते, आपण घाईत दुसरं काढतो आणि मग दोन तिकिटं, आणि पेपरलेस तिकीट तर कॅन्सलही होत नाही. हिस्टरीत नसेलच तर पैसे बहुतेक वेळा आपोआप खात्यात परत येतात.

रोज जाणाऱ्यांनी आर-वॉलेटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या पाकिटात, शंभरदोनशे टाकून ठेवा. पैसे ॲपमध्येच असले की मधलं बँकेचं गोल गोल फिरणं वाचतं.

आणि हे कळकळीने सांगते, रिफंडसाठी गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. एका वाचकाने असंच केलं, समोरच्याने गोड बोलून एक ॲप डाउनलोड करायला लावलं आणि पंधरा रुपयांच्या तिकिटामागे खात्यातले अठरा हजार गेले. रेल्वेची हेल्पलाइन १३९ आहे, तीच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन, लाजत बसू नका.

प्रश्न : दिवाळीत नाशिकहून सहा जण पुण्यात येणार आहेत, त्यात दोन ज्येष्ठ. गाडी आणायची नाही असं ठरवलंय कारण पार्किंग. मेट्रो आणि पीएमपीसाठी किती ॲपं टाकावी लागतील? — नाशिक रोड

गाडी न आणण्याचा निर्णय घेतलात तिथेच निम्मं पुणं जिंकलंत.

मेट्रोचं स्वतःचं ॲप आहे, पण दोन दिवसांसाठी तेही नको, व्हॉट्सॲपवर तिकीट मिळतं. तुमच्या कामाचे मार्ग दोन, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, आणि बदलायचं जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला. दगडूशेठ, तुळशीबाग करायचं तर मंडई स्टेशनला उतरा, वर आलात की तिथेच. शनिवारवाड्याला कसबा पेठ. ही दोन्ही स्टेशनं जमिनीखाली आहेत म्हणून तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढलेलं बरं, खाली रेंजची खात्री नाही. हेच मुंबईच्या ॲक्वा लाइनलाही, आरे ते कफ परेड, एक आरे स्टेशन सोडलं तर सगळी भुयारी आहे, तिथे तर वरच काढून खाली उतरा.

माणशी एक क्यूआर लागतो आणि तोच बाहेर पडतानाही लागतो. हे नवीन लोकांचं हमखास चुकतं. आत गेलो, काम झालं म्हणून चॅट डिलीट करतात आणि मग स्वारगेटला गेटपाशी अडकतात. मी माझ्या डोळ्यांनी एक आख्खं कुटुंब बघितलंय, पाच जण बाहेर आणि वडील आत, आणि वडील पलीकडून मुलाला फोनवर शिकवतायत की कुठलं बटण दाब. स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, आणि तडा गेलेली टेम्पर्ड ग्लास असेल तर गेट क्यूआर वाचत नाही हेही सांगून ठेवते.

पीएमपीसाठी 'आपली पीएमपीएमएल' ॲप टाका, पण तिकिटापेक्षा बस कुठे आहे ते बघायला. सहा जण दिवसभर फिरणार असाल तर माणशी ७० रुपयांचा दिवसाचा पास बघा, चारपाच बस झाल्या की वसूल.

प्रश्न : मुंबई वन ॲप आल्यावर बाकीची सगळी उडवली तरी चालतील का? — मुलुंड

घाई नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे ॲप आलं, त्यात ११ वेगवेगळ्या सेवा एकत्र आणल्यात, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली वगैरे. एका मेट्रोतून दुसऱ्या मेट्रोत आणि मग बसमध्ये जाणाऱ्याला एकच क्यूआर ही खरंच मोठी गोष्ट आहे, घाटकोपरला दोनदा रांग लावलेल्यांना विचारा. पण माझं मत विचाराल तर रोज लोकलवाल्यांनी रेलवन ठेवावंच, आणि बेस्टने जाणाऱ्यांनी 'चलो' ॲप, कारण बस किती मिनिटांवर आहे ते बघायची सवय लागलेली असते. दोनतीन ॲपांचं ओझं फोनला होत नाही हो. आपल्यालाच होतं.

प्रश्न : मुलीकडे लंडनला तीन महिने जातोय. तिथे तिकिटासाठी कुठलं ॲप घ्यायचं? — सातारा

काका, कुठलंच नाही. तिथे तुमचं बँकेचं टॅप करायचं कार्डच तिकीट. बसमध्ये चढताना एकदा टॅप, ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे. ट्यूबमध्ये बाहेर पडताना टॅप राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापतात. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, त्यामुळे सुट्टे काढून ड्रायव्हरसमोर उभे राहू नका.

दोन गोष्टी मात्र मनात पक्क्या करा. एक, काका आणि काकू दोघांना वेगवेगळी कार्डं लागतील, एका कार्डावर दोघं नाही जमत. आणि दुसरं, कार्ड जर फोनमध्येही टाकलेलं असेल तर जाताना कार्ड आणि येताना फोन असं करू नका, बँक एकच असली तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, आणि मग दोन्ही प्रवास अर्धवट. एकाच वस्तूने टॅप करत राहिलात तर दिवसाला एक कमाल मर्यादा आहे, त्यापुढे कापत नाहीत. भारतातलं कार्ड न्यायचं असेल तर निघण्याआधी बँकेतून परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करून घ्या. बँक प्रत्येक व्यवहारावर वरचे पैसे लावते का तेही विचारा. जास्त लावत असेल तर तिथे गेल्यावर ऑयस्टर कार्ड, म्हणजे पैसे भरून ठेवायचं तिथलं प्रवासाचं कार्ड घ्या, टॅप तसंच करायचं.

प्रश्न : बॅटरी संपली तर? — बदलापूर

लोकलमध्ये बॅटरी संपली म्हणजे तिकीट संपलं, सरळ हिशोब. माझी भाची जर्मनीत शिकते, तिच्याकडे तिथला महिन्याचा पास फोनमध्ये आहे, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोचा. तिथेही गेट नाहीत, साध्या कपड्यातले तपासनीस अचानक उभे राहतात. तिचा फोन बंद पडला तेव्हा तिच्या हातात ६० युरोचा कागद ठेवला, पण पास नावावर असतो म्हणून नंतर ऑफिसात जाऊन दाखवल्यावर सात युरोवर सुटली. आपल्याकडे असं 'नंतर येऊन दाखवते' टीसीला म्हणून बघा आणि त्याचा चेहरा कसा होतो ते आम्हाला कळवा.

बदलापूरहून सीएसएमटी म्हणजे दीड तासाच्या आसपास आणि त्यात तुम्ही रील बघणार, तर निघताना दहापंधरा टक्केच असेल तर मोबाइल तिकीट काढूच नका, विंडोला नाहीतर मशीनला जा. पासवाल्यांनीही हा विचार करावा. मी स्वतः महिन्याचा पास अजून कागदाचाच काढते, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. टीसी तो बघून म्हणाला, "अजून कागद?" आणि पुढे गेला.

(पुढच्या अंकात एसटीच्या ऑनलाइन बुकिंगचे प्रश्न घेऊ. अर्ध्या तिकिटाबद्दलची पत्रं पोचलीत, कृपया पुन्हा पाठवू नका.)