निब खरखरते की शाई कमी पडते?

फाउंटन पेनांच्या निबांबद्दलच्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील, असे सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन पेनं घेतली. दोन्ही निबांवर ‘एम’ कोरलंय. एक सुळसुळीत चालतं, दुसरं कोरडं आणि टोचरं. असं कसं? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

‘एम’वरून (मीडियम, म्हणजे मध्यम) फक्त रेघेच्या जाडीचा अंदाज येतो. निब शाई किती सोडेल, हे त्यावरून कळत नाही. ते ठरतं निबेच्या चिरेवर आणि तिच्याखालच्या जिभेवर, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणाऱ्या खाचेच्या तुकड्यावर. शाळेत शिकलेलं केशाकर्षण आठवा. जिभेतल्या बारीक खाचेतून शाई चिरेत येते. चीर टोकाकडे निमुळती होत गेलेली असते, म्हणून शाई टोकाकडेच ओढली जाते. चीर टोकाशी फाकली तर ही ओढ तुटते आणि घट्ट मिटली तर शाईला वाटच राहत नाही. हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या निबाही सख्ख्या बहिणींइतक्याच वेगळ्या निघतात.

गुळगुळीतपणा आणि शाईचा प्रवाह या दोन गोष्टी आहेत, पण हाताला त्या एकच वाटतात. टोक आणि कागद यांच्यामध्ये शाईचा जो पातळ थर असतो, तोच वंगणाचं काम करतो. शाई कमी आली की उत्तम घासलेलं टोकही खरखरतं. म्हणून टोचणारं पेन हातात आलं की आधी ते साध्या पाण्याने धुवावं. नवं असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकावा, कारण कारखान्यातल्या तेलाचा अंश जिभेवर राहिलेला असू शकतो. मग ओळखीची, साधी निळी शाई भरावी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही टोचलं तर अक्षरं न काढता नुसती लांब शिरोरेषा ओढा. आधी डावीकडून उजवीकडे, मग उलट. हात हलका ठेवा. एकाच दिशेला टोचत असेल तर निबेची दोन पाती समपातळीत नाहीत. शिरोरेषा नेहमीसारखी ओढताना टोचलं तर बहुधा डावं पातं खाली आलेलं असतं, उलट ओढताना टोचलं तर उजवं. (टोक आपल्यापासून दूर धरून निब वरून पाहायची, म्हणजे डावं-उजवं चुकत नाही.) घड्याळजी वापरतात तसलं दहापट भिंग घेऊन समोरून पाहिलंत की टोकावरच्या मण्याचे दोन अर्ध वरखाली झालेले स्पष्ट दिसतात. खाली आलेलं पातं नखाने अलगद वर उचला, थोडं थोडं, दर वेळी भिंगातून पाहत. दोन्ही दिशांना सारखंच टोचलं तर मात्र टोकच खडबडीत आहे किंवा शाई अजून कमी पडते आहे.

माझी निब काचेवरून घसरावी इतकी गुळगुळीत आहे, पण शब्दाची पहिली रेघ उठतच नाही. जरा दाबलं की येते. (बँक कर्मचारी, कोल्हापूर)

हा दोष गुळगुळीतपणाच्या हव्यासातून येतो. टोक पॉलिश करताना चिरेच्या आतल्या कडाही गोल झाल्या की शाई चिरेत जराशी वर अडकते आणि कागदाला टेकतच नाही. दाब दिला की पाती फाकतात आणि शाई खाली येते. पेनवेडे याला ‘बेबी बॉटम’ म्हणतात, टोकाचा आकार भिंगातून पाहिलात तर या नावाचं कारण विचारावं लागणार नाही. पेन नवं असेल तर सरळ बदलून मागा. जुनं असेल तर निबांचं काम करणाऱ्याकडे द्या. टोक किंचित सपाट करावं लागतं आणि तिथे जास्तीचे दोन हातही महागात पडतात. तोवर जास्त ओली, म्हणजे सहज वाहणारी, शाई भरून बघा, बऱ्यापैकी भागतं.

आम्ही शाळेत निब फरशीवर घासायचो आणि चिरेतून ब्लेड फिरवायचो. आता केलं तर चालेल का? (सोलापूर)

नाही. टोकावरचा मणी ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा असतो. तो एकदा झिजला की उरतं ते नुसतं पोलाद, आणि पोलाद कागद ओरबाडतं. ब्लेडने चिरेच्या कडांवर ओरखडे पडतात. तेव्हा निबा स्वस्त होत्या, म्हणून ते खपून गेलं.

जपानी ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) घ्यावी की जर्मन ‘एफ’? लिहायचं मराठीत, अक्षर बारीक. (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

निबांच्या जाडीला सर्व कंपन्या पाळतील असं प्रमाण नाही. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची ‘एफ’ साधारणपणे युरोपातल्या ‘ईएफ’च्या (एक्स्ट्रा फाइन, अतिबारीक) आसपास येते. ‘क्ष्म्य’सारखं जोडाक्षर किंवा रफार आणि अनुस्वार शेजारी आले की जाड निबेत त्यांचा गोळा होतो, त्यामुळे अक्षर खरंच बारीक असेल तर मी जपानी सुचवेन. मात्र टोक जितकं बारीक, तितका कागदाचा पोत हाताला जास्त जाणवतो. तो दोष नव्हे. पेन्सिलीसारखी ती किंचित कुरकुर मला स्वतःला आवडते. ज्यांना आवडत नाही, त्यांनी जपानी ‘एम’ घ्यावी.

सोन्याची निब जास्त गुळगुळीत असते का? (ठाणे)

कागदाला सोनं टेकतच नाही. पोलादी असो की १४ कॅरटची, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याची, टेकतो तो मणीच. सोन्याचा वापर वाढला, कारण जुन्या आम्लधर्मी शाया पोलाद खायच्या. आज सोन्याची निब दाबाला जरा नरम वाटते, तीही सगळ्यांची नव्हे. नीट जुळवलेली पोलादी निब न जुळवलेल्या सोन्याच्या निबेपेक्षा केव्हाही सरस.

वडिलांचं ड्रॉपरने शाई भरायचं एबोनाइटचं (टणक रबराचं) पेन शाई संपत आली की ओकतं. दुसरं, मुलीच्या वहीवर शाई फुटते. निब बदलू का? (रत्नागिरी)

निबेला हात लावू नका. शाई कमी झाली की पेनात हवा जास्त राहते. हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला खाली ढकलते. जिभेच्या पट्ट्या जास्तीची शाई थोपवतात, त्या भरल्या की थेंब पडतो. शाई पाव भागावर आली की पुन्हा भरा.

वहीचा दोष कागदाचा आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कागद सादळतो आणि शाई जास्तच फुटते. वह्या कोरड्या जागी ठेवा, निब बारीक द्या आणि कोरडी, म्हणजे कमी वाहणारी, शाई वापरा. पेलिकन ४००१ कोरडी म्हणून ओळखली जाते, वॉटरमनची निळी ओली. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र कुठल्याच फाउंटन पेनात भरू नका. ती सुकली की जिभेत बसते आणि पाण्याने निघत नाही.