गोचीड मोजले, डेटा नॉर्मल नाही, मग मिक्स्ड मॉडेल कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: १२ गावं, त्यांपैकी ६ गावांत शेळ्यांना औषध दिलं, ६ गावांत दिलं नाही. एकूण ३४० शेळ्यांच्या अंगावरचे गोचीड मोजले. शापिरो टेस्ट म्हणते डेटा नॉर्मल (घंटेच्या आकाराचा, मधे उंच आणि दोन्हीकडे सारखा उतरणारा) नाही, लॉग घेऊनही नाही. आता गाईड म्हणतात मिक्स्ड मॉडेल लावा, आणि ते कुठून शिकायचं हे तुम्हाला समजत नाहीये.

शापिरो आधी बाजूला ठेवा. साध्या रिग्रेशनमध्येसुद्धा नॉर्मल असण्याची अट मूळ आकड्यांना नसते. मॉडेलने समजावून झाल्यावर जे उरतं त्या रेसिड्युअल्सना ती असते. शिवाय मोजणीचा डेटा नॉर्मल कसा असेल? गोचीड उणे नसतात, अडीच नसतात. बऱ्याच शेळ्यांवर एकही सापडत नाही आणि एखादीचे कान गच्च भरलेले असतात.

लॉगने हे सुटत नाही, ते चार शेळ्यांवर करून बघा. गोचीड ०, ०, १ आणि ४०. खरी सरासरी १०.२५. आता प्रत्येकात १ मिळवून लॉग घ्या, सरासरी काढा आणि उलटं फिरवून १ वजा करा. उत्तर येतं साधारण २. दहाचे दोन झाले! आणि शून्यं होती तिथेच, एकाच ढिगात. असा ढीग कुठलंही रूपांतर पसरवू शकत नाही.

खरी अडचण मात्र दुसरीच आहे, आणि ती तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. औषध तुम्ही शेळीनिहाय दिलेलं नाही, गावनिहाय दिलंय. एका गावातल्या शेळ्या एकाच माळावर चरतात, एकाच झुडपातले गोचीड घेऊन येतात. म्हणजे औषधाच्या तुलनेपुरते तुमच्याकडे ३४० नव्हे, १२ नमुने आहेत. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी कपाशीवरचे तुडतुडे पानापानावर मोजून प्रत्येक पान स्वतंत्र धरलं होतं. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, ‘प्लॉट किती होते?’ सगळं विश्लेषण पुन्हा करावं लागलं. तुमची ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

मिक्स्ड मॉडेल नेमकं हेच सांभाळतं. औषध आणि शेळीचं वय हे फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे ज्यांचा परिणाम थेट मोजायचाय; गाव हा रँडम इफेक्ट, म्हणजे ज्याच्यामुळे पडणारा फरक फक्त हिशेबात धरायचाय. प्रत्येक गावाला स्वतःची पातळी मिळते, पण ती मोकाट सुटत नाही. ज्या गावात चारच शेळ्या तपासल्या, त्याचा अंदाज सगळ्या गावांच्या सरासरीकडे ओढला जातो; जिथे चाळीस तपासल्या ते गाव आपल्या आकड्यांवर उभं राहतं. एकाच मालकाच्या बऱ्याच शेळ्या असतील तर गावाच्या आत गोठा हा आणखी एक स्तर घाला.

वितरणासाठी पॉयसाँपासून, म्हणजे मोजणीच्या आकड्यांच्या सगळ्यात साध्या वितरणापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. पॉयसाँ धरून चालतं की सरासरी आणि व्हेरियन्स (आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) सारखेच. गोचीडांच्या बाबतीत व्हेरियन्स सहसा कितीतरी पट मोठा असतो, आणि तसंच पुढे गेलात तर पी व्हॅल्यू खोट्या लहान येतात. मग निगेटिव्ह बायनॉमिअल घ्या, त्यात व्हेरियन्स सरासरीपेक्षा मोठा चालतो. शून्यं खूप दिसली म्हणून लगेच झीरो इन्फ्लेटेड (जास्तीच्या शून्यांसाठी वेगळा हिस्सा ठेवणाऱ्या) मॉडेलकडे धावू नका. पुष्कळदा निगेटिव्ह बायनॉमिअल ती शून्यं सहज पेलतं.

शिकायला स्वतःचा डेटा घेऊ नका, त्यात जीव अडकलेला असतो. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या एलएमई४ (lme4) पॅकेजात ‘ग्राउसटिक्स’ नावाचा डेटा आयताच मिळतो. स्कॉटलंडमधल्या रेड ग्राउस पक्ष्याच्या पिल्लांच्या डोक्यावरचे गोचीड, १९९५ ते १९९७. पिल्लं ४०३, ११८ घरट्यांतली, ठिकाणं ६३. म्हणजे तुमचाच प्रश्न, फक्त शेळीच्या जागी पिल्लू आणि गावाच्या जागी घरटं. एल्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचं विश्लेषण छापलंय, त्यामुळे आपलं उत्तर ताडून बघता येतं. आधी घरटं न घालता मॉडेल चालवा, मग घालून, आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या गुणांकाची स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) दोन्हीकडे कागदावर लिहा. हा एक तास आठवडाभराच्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवेल. उंची मीटरमध्ये तशीच घातलीत तर कन्व्हर्जन्सची वॉर्निंग, म्हणजे हिशेब नीट उत्तरापर्यंत पोचला नाही अशी सूचना, येऊ शकते. सरासरी वजा करून स्केल करून घ्या.

मॉडेल नीट बसलंय का याच्या तपासणीसाठी आर मधलंच धर्मा (DHARMa) हे पॅकेज वापरा. ते तुमच्या मॉडेलमधूनच नवा डेटा पुन्हा पुन्हा तयार करतं आणि खरा डेटा त्यात कुठे बसतो ते दाखवतं. नेहमीचा रेसिड्युअल प्लॉट मोजणीच्या डेटात फसवतो.

प्रबंधात गुणांक तसाच छापू नका. मॉडेल लॉगच्या मापात बोलतं. औषधाचा गुणांक समजा उणे ०.७ आला, तर e चा तेवढा घात काढा: ०.५. वाक्य असं लिहा: ‘त्याच वयाच्या शेळीवर, एरवी सारख्याच असलेल्या गावात, औषधामुळे गोचीड सुमारे निम्मे.’ सोबत ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. १२ गावांवर तो रुंद येईल. येऊ द्या, आणि जसा आहे तसाच छापा.

मॉडेल चालवून अडलात तर समरीचं पूर्ण आउटपुट आणि प्रत्येक गावात किती शेळ्या याचा तक्ता इथे टाका. तक्ता आधी हवा, बहुतेक उत्तर त्यातच असतं.