मिरवेलीवरचा चापडा : औषध टाकू नका, हात जपा

प्रश्न : आंबोली, गेळे, चौकुळ भागातील काही बागायतदार विचारतात, पावसात मिरवेली बांधताना किंवा वेळूच्या बेटात त्रिकोणी डोक्याचा साप दिसतो, कधी हिरवा, कधी तपकिरी. विषारी आहे का? फोरेट हे दाणेदार कीटकनाशक टाकल्यास जाईल का? चावला तर काय करायचे?

उत्तर : हा बहुतेक मलबारी चापडा. जगात फक्त सह्याद्रीच्या रांगेत सापडतो आणि तो विषारीच आहे. रंगावर जाऊ नका, एकाच बागेत एक हिरवा तर दुसरा पिवळट असतो. बारीक मान, रुंद डोके आणि डोळा व नाकपुडीच्या मध्ये एक खळगा ही खूण. त्या खळग्यामुळे अंधारातही त्याला उंदराच्या अंगाची ऊब कळते. खूण पटवायला जवळ मात्र जाऊ नका, लांबून फोटो काढून मोठा करून बघा.

हा साप अंगावर धावून येत नाही. एकाच फांदीवर दिवसचे दिवस वेटोळे घालून बेडूक, पाल, उंदीर यांची वाट बघतो. माणूस आला तरी जागचा हलत नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. घामाघूम माणूस वेल ओढायला हात घालतो तो थेट त्याच्यावर. म्हणून आधी काठीने पाने बाजूला सारा, नीट बघा, मगच हात घाला. नुसती वेल हलवून भागत नाही. पायवाटेवर डोक्या-खांद्याच्या उंचीला आलेल्या फांद्या मे महिन्यातच छाटा. संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय बागेत जाऊ नका, तो रात्रीचाच फिरणारा आहे.

फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात पूर्ण बंदी आहे. शिवाय मातीत टाकलेल्या दाण्यांनी फांदीवरच्या सापाला काय होणार? ते पावसाने पाटात उतरतात आणि तेच पाणी तुमची गुरे पितात.

चावला तर आवळून बांधू नका. गेल्या पावसात एका मजुराचे बोट मी पाहिले, सुतळीने आवळलेले, टम्म सुजलेले, सुतळीखाली कातडी काळीनिळी. या सापाच्या विषाने सूज येतेच, त्यात दोरी म्हणजे बोट गमावण्याची तयारी. चिरू नका, चोखू नका. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, हात फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा.

आपल्याकडचे सर्पदंशाचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते, चापड्यासाठी नाही. पण ‘मग दवाखान्यात जाऊन काय उपयोग’ असे कृपा करून म्हणू नका. रक्त गोठते का हे तिथे तपासतात, सूज आणि रक्तस्रावावर उपचार होतात. आणि चावलेला साप चापडाच होता, घोणस नव्हती, हे घाबरलेला माणूस कशावरून सांगणार?

साप मारू नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात किंवा मांगरात (शेतातल्या खोपटात) शिरला तर वन विभागाला 1926 वर कळवा. बागेत दिसला तर ती वेल ज्या पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) चढली आहे तिला लाल फडके बांधा, सगळ्या गड्यांना सांगा आणि दोन-चार दिवस दुसऱ्या रांगेत काम धरा.