‘बहु-हितधारक सहनिर्मिती’ मराठीत कशी लिहावी?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तलावांच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ग्रामसभेत वाचून दाखवायच्या पत्रकाला ‘शाश्वत विकासासाठी बहु-हितधारक सहनिर्मिती’ असा मथळा देण्यात आला असून तो मराठी म्हणून चालेल काय, आणि ‘स्टेकहोल्डर’साठी ‘भागधारक’, ‘हितधारक’ व ‘हितसंबंधी’ यांपैकी कोणता शब्द धरावा.

‘भागधारक’ प्रथम बाजूला ठेवावा लागेल, कारण तो नुसता अपुरा नाही, तर मूळ कल्पनेच्या उलट जाणारा आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या १९६३ सालच्या एका अंतर्गत टिपणात ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द ‘स्टॉकहोल्डर’शी, म्हणजे भागधारकाशी, मुद्दाम यमक जुळवून वापरला गेला, ज्यांच्या पाठिंब्यावाचून संस्था टिकूच शकत नाही असे सारे गट त्यात अभिप्रेत होते, मग त्यांच्या हाती भाग असोत वा नसोत. १९८४ मध्ये व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी तो आणखी रुंद केला आणि संस्थेच्या कामावर ज्यांचा परिणाम होऊ शकतो त्यांच्याबरोबर, त्या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होतो तेही त्यात घेतले. आपल्याकडच्या साखर कारखान्याचा सभासद शेतकरी भागधारक असतो; ऊसतोड मजूर नसतो, आणि कारखान्याच्या सांडपाण्याने ज्याची विहीर बिघडते तो शेजारीही नसतो. ज्या दोघांना मोजता यावे म्हणून हा शब्द रूढ झाला, तेच ‘भागधारक’ म्हटल्याबरोबर गळून पडतात. तरीही वर्तमानपत्रांत आणि सरकारी पत्रकांत हे भाषांतर सर्रास दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘हितधारक’ हिंदीतून आला आहे. तो परका आहे म्हणून मी नाकारत नाही. अडचण ‘धारक’ या उत्तरपदाची आहे. परवानाधारक, शिधापत्रिकाधारक, खातेधारक, भूधारक असे शब्द पाहिले तर प्रत्येकाच्या हातात काही कागद आहे. मराठी कानाला ‘धारक’ म्हणजे नोंद असलेला माणूस. मात्र भीमगड अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्या आणि रानातून मध, हिरडा, शिकेकाई गोळा करणाऱ्या माणसाजवळ त्या रानाचा उतारा नसतो, म्हणून त्याचे हित कमी होत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ ठरवताना हेच ओळखले आहे: जमीन नावावर नसली तरी संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळे, वाटेकरी व कारागीर, तसेच ज्यांची उपजीविका मुख्यतः जंगलावर किंवा पाण्यावर अवलंबून आहे असे वनोपज गोळा करणारे व मासेमार, हे सारे त्या व्याख्येत बसतात. कायद्याची नजर कागदापलीकडे जात असेल, तर आपल्या शब्दाने कागदापाशी अडू नये.

आपल्या भागात यात कन्नडची एक गुंतागुंत मिसळते. कन्नड कागदपत्रांत या अर्थी ‘पालुदाररु’ आणि ‘मध्यस्थगाररु’ असे दोन शब्द आढळतात. इंग्रजीत पूर्वी पैज लावणाऱ्या दोघांची रक्कम सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताला ‘स्टेकहोल्डर’ म्हणत, आणि ‘मध्यस्थगार’ त्या जुन्या अर्थाशी जुळतो. पण कन्नड पत्रकावरून घाईने मराठी प्रत करणाऱ्याने तो ‘मध्यस्थ’ म्हणून उतरवला, तर बेळगावच्या वाचकाला जमिनीच्या व्यवहारातला दलालच आठवेल. ‘पालु’ म्हणजे वाटा; तो शब्द मात्र आपल्या उपयोगाचा आहे आणि त्याकडे मी पुढे येतो.

‘हितसंबंधी’ हा तिघांत बरा. त्याला ‘हितसंबंध गुंतलेले असणे’ या वाक्प्रचाराची काळी छटा आहे हे खरे, परंतु सरकारी अर्जात, अहवालात किंवा करारात तो वापरावा आणि पहिल्याच ठिकाणी त्यात कोण कोण येते ते नावानिशी सांगावे. ‘संबंधित घटक’ मात्र टाळावा, कारण त्यात माणसे दिसतच नाहीत.

ग्रामसभेचे काय? पाटबंधाऱ्याच्या मराठीत लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला ‘लाभधारक’ म्हणतात आणि धरणाखाली जमीन गेलेल्याला ‘प्रकल्पग्रस्त’. मिळवणाऱ्याला एक नाव आणि गमावणाऱ्याला दुसरे, पण दोघांना एका बैठकीला बोलावताना हाक कोणत्या नावाने मारावी, हा खरा प्रश्न आहे. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ तिच्यावर धरण आहे. उगमाकडचा भात पिकवणारा आणि धरणाखालचा कालव्याच्या पाण्याच्या पाळीची वाट पाहणारा, हे दोघे एकाच नदीशी बांधलेले आहेत. अशा ठिकाणी मला ‘वाटेकरी’ हा शब्द सर्वांत समर्थ वाटतो. आपण ‘सुखदुःखाचे वाटेकरी’ म्हणतो. वाल्या कोळ्याच्या कथेत घरची माणसे पापाचे वाटेकरी व्हायला नकार देतात. लाभ आणि झळ, दोन्ही पेलणारा असा शब्द मराठीत दुसरा सहज सापडत नाही, आणि तो ‘पालुदार’चा अर्थाने सख्खा भाऊ आहे. एक पथ्य मात्र पाळावे. नुसते ‘वाटेकरी’ म्हटले की जमिनीत हिस्सा मागणारे भाऊबंद डोळ्यांसमोर येतात आणि सभेत भलतीच कुजबुज सुरू होते. म्हणून ‘तळ्याचे वाटेकरी’, ‘या कामाच्या बऱ्यावाइटाचे वाटेकरी’ असे षष्ठीसह लिहावे.

आता ‘सहनिर्मिती’. सहकार, सहजीवन, सहलेखन यांच्या जोडीला शब्द म्हणून तो निर्दोष आहे. ज्या इंग्रजी ‘को-क्रिएशन’चे हे भाषांतर, ती कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद आणि वेंकट रामस्वामी यांनी २००० च्या सुमारास व्यवसायाच्या क्षेत्रात पुढे आणली. ग्राहक केवळ माल घेत नाही, मूल्य घडवण्यातही त्याचा हात असतो, असे त्यांचे म्हणणे होते. विकासाच्या कामात ती आली तेव्हा तिचा जोर आखणीवर पडला, आणि ‘सहभाग’ व ‘सहनिर्मिती’ यांतला भेदही नेमका तेथेच आहे. अभियंत्याने अंदाजपत्रक तयार केले, मग ग्रामसभेकडून मंजुरी, लोकवर्गणी आणि श्रमदान घेतले, तर तो सहभाग झाला. गाळ किती खोल काढायचा, तो कोणाच्या शेतात टाकायचा, सांडवा किती उंच ठेवायचा, गुरांना पाण्यावर उतरायला वाट कोठून आणि कपडे धुणाऱ्या बायकांसाठी पायऱ्या कोणत्या बाजूला, हे अंदाजपत्रकाआधी ठरवायला ही सारी माणसे बसली, तरच ती सहनिर्मिती. जुने तळे दुरुस्त करताना ‘निर्मिती’ हा शब्द उगाच भारदस्त वाटतो. ‘मिळून आखणी’ म्हटल्यास काम कोठे सुरू होते हेही कळते.

‘शाश्वत विकास’ हा संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या सतरा उद्दिष्टांमुळे शाळेच्या पुस्तकांपर्यंत रुळला आहे. तो बदलू नये. कन्नडमधला ‘सुस्थिर’ मला अधिक गोड वाटतो, इतकेच.

मूळ मथळ्याचा दोष शब्दांइतकाच रचनेचाही आहे. एकापुढे एक नामे रचली आहेत, त्यांत क्रियापद नाही, त्यामुळे कोण काय करणार हे कळत नाही. माझी सूचना अशी: ‘तळ्याच्या बऱ्यावाइटाचे जे जे वाटेकरी, त्या सर्वांनी मिळून करावयाची आखणी’. त्याखाली लहान अक्षरांत ‘शाश्वत विकास प्रकल्प’ असे लिहावे, आणि पहिल्याच परिच्छेदात वाटेकरी कोण ते सांगावे: तळ्याखालचे शेतकरी, मासेमारीचा ठेका घेणारे, गुराखी, कपडे धुणाऱ्या स्त्रिया, पंचायत, लघुपाटबंधारे खाते. त्याच सभेत वाटल्या जाणाऱ्या कन्नड प्रतीत ‘मध्यस्थगाररु’ असेल, तर तेथे ‘पालुदाररु’ करून घ्यावे, म्हणजे दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दोन निरनिराळ्या सभांची पत्रके हाती आली आहेत असे वाटणार नाही.